‘अभ्यासाला लागतो’ म्हणून

गेमिंग कॉम्प्युटर हवा असलेल्या पोराचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: अभ्यासाला लागतो. ते खरं नाही हे पोराला ठाऊक असतं, त्याच्या बापाला ठाऊक असतं, आणि पुण्याहून व्हॉट्सॲपवर पार्टांची यादी पाठवणाऱ्या मामेभावाला तर सगळ्यांत जास्त ठाऊक असतं. तरी सगळे मिळून ते खरं धरून चालतात, कारण आपल्याकडे कॉम्प्युटर घरात आला तोच अभ्यासाचं नाव घेऊन. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, मागोमाग एमएस-सीआयटी गावोगाव पोचली आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीसारख्या तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर म्हणजे दहावीच्या सुट्टीत उरकायचा कोर्स, त्याचं सर्टिफिकेट आणि पुढेमागे नोकरीच्या अर्जाला जोडायची झेरॉक्स, असं समीकरण पक्कं झालं. निव्वळ खेळायला साठ-सत्तर हजारांचं यंत्र घ्यायचं हे त्या समीकरणात कुठेच बसत नाही. म्हणून पोरगा सबब पुढे करतो, घर ती मानतं किंवा फेटाळतं, आणि मूळ गोष्टीवर बोलणं होतच नाही. माझं म्हणणं असं, की पैसे खरोखर त्याने साठवलेले असतील तर घ्यायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्यावं. मोठ्यांनी दोनच कामं करावीत: ही सबब दोन्ही बाजूंनी टाकायला लावावी, आणि हिशेब अर्ध्यावर सोडू देऊ नये.

सबब निरुपद्रवी वाटते, पण महागात पडते. अभ्यासाच्या नावावर आलेल्या यंत्रावर खेळलेला प्रत्येक तास चोरीचा ठरतो, घटक चाचणीत कमी पडलेला प्रत्येक मार्क त्या यंत्राच्या नावे चढतो, आणि लवकरच घरात असा वाद सुरू होतो ज्यात दोन्हीकडचे लोक खोटं बोलत असतात. शिवाय खरेदीच चुकते. बारावीपर्यंतचा अभ्यास, पीडीएफ, व्हिडिओ, पायथनचे पहिले धडे, यांतल्या कशालाच वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही; साध्या यंत्रावर हे सगळं निभतं. गेमिंगच्या यंत्रात मात्र सगळ्यांत मोठा घास ते कार्डच घेतं. अभ्यासाचं सोंग टिकवायचं म्हणून पोरगा कार्डात हात आखडता घेतो आणि नावाला मोठा प्रोसेसर, जास्तीची हार्ड डिस्क, जमलं तर प्रिंटर असा पैसा पसरतो. असं यंत्र अभ्यासाला जास्तीचं आणि खेळाला कमी पडतं. यावर कॉम्प्युटर जाणणारा कुणी म्हणेल की गेमिंगच्या कार्डांनीच तर आजचा एआय घडवला. खरं आहे. २०१२ मध्ये चित्रं ओळखायला शिकलेलं ॲलेक्सनेट हे एआय मॉडेल ज्या यंत्रावर तयार झालं त्यात एनव्हिडियाची जीटीएक्स ५८० ही दोन कार्डं होती, गेम खेळणाऱ्यांसाठी बाजारात आणलेली. आणि ते यंत्र ॲलेक्स क्रिझेव्हस्कीच्या आईवडिलांच्या घरी, त्याच्या खोलीत होतं. पण क्रिझेव्हस्की तेव्हा टोरोंटो विद्यापीठात जेफ्री हिंटन यांच्याकडे संशोधन करत होता. प्रश्न आधी होता, कार्ड मागून आलं. आपल्या पोराला उद्या मशीन लर्निंग किंवा ब्लेंडरसारखं थ्रीडी सॉफ्टवेअर शिकावंसं वाटलं तर कार्ड घरात आहे, हा वरकड फायदा. खरेदीचं कारण म्हणून तो लिहू नये.

बचतीकडे येऊ. ‘माझे पैसे’ म्हणून पोरगा जे मोजतो ते एकाच जातीचे नसतात, आणि इथे मोठ्यांनी जरा खोदून विचारावं. एक वाटा ओवाळणीचा, पाहुण्यांनी निघताना हातावर ठेवलेल्या नोटांचा. दुसरा दसरा-दिवाळीच्या दरम्यान सोयाबीनच्या सोंगणीला गेला, सुडी लावू लागला, त्या मजुरीचा, किंवा उन्हाळ्यात ओळखीच्या दुकानात बसल्याचा. तिसरा वाटा शिष्यवृत्तीचा, आणि तोच अवघड आहे. एनएमएमएसच्या परीक्षेतून आठवीत निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मुलाच्या खात्यावर येतात. चार वर्षांचे ४८,०००. वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलांसाठीची ही केंद्राची योजना आहे आणि तिचा हेतू उघड आहे: पैशापायी आठवीनंतर शाळा सुटू नये. हे पैसे त्याचेच, पण हेतू सांगून दिलेले. ते यंत्राच्या हिशेबात धरू नयेत असं मला वाटतं, आणि त्याला नीतीइतकंच व्यवहाराचं कारण आहे. बारावीनंतर सीईटी, प्रवेशाचं शुल्क, डिपॉझिट, खोलीचं भाडं हे सगळं एकाच उन्हाळ्यात दारात येतं. आता एखाद्या घरात ही शिष्यवृत्ती आधीच बियाण्याला किंवा आजीच्या दवाखान्याला खर्ची पडलेली असते. ती पोराकडून घेतलेली उसनवार म्हणून कुठेतरी लिहून ठेवावी. पोराच्या हिशेबात काटेकोर आणि स्वतःच्या हिशेबात सैल असणाऱ्या घराचं पोरगा ऐकत नाही, आणि त्याचं फारसं चुकतही नाही.

साठवणं म्हणजे काय हे या जिल्ह्यातल्या पोराला शिकवावं लागत नाही. १९८६ मध्ये सुरू झालेल्या बुलढाणा अर्बनसारख्या पतसंस्था इथेच वाढल्या. रोज संध्याकाळी पिग्मीवाला दुकानाच्या पायरीवर येतो, वीस-पन्नास रुपये घेतो, नोंद करतो, हे पोरं लहानपणापासून बघतात. आधीच्या पिढीला शाळेत संचयिका होती. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः उघडायला आणि चालवायलाही मोकळीक दिली, मर्यादा बँकेने ठरवायची. म्हणजे पैसे टाकण्याचे सगळे मार्ग आपण मुलांना दाखवले. काढायची वेळ आली की मात्र एकदम सगळे मोठे खोलीत जमतात. बचतीचं शिक्षण अर्धं राहतं ते इथेच. सोळाव्या वर्षी साठ हजारांचा व्यवहार स्वतः न केलेला मुलगा अठराव्या वर्षी फोनवरच्या कर्जाच्या ॲपसमोर एकटा बसतो, तेव्हा त्याने आजवर एकही मोठी वस्तू स्वतःच्या डोक्याने घेतलेली नसते.

सगळ्यांत वजनदार आक्षेप शेतकऱ्याच्या घरातून येतो. तिथे ‘त्याचे’ आणि ‘आमचे’ असे पैसे वेगळे असतात का? २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. साठ हजार म्हणजे त्या भावाने सव्वाअकरा क्विंटल. एकरी पाच-सहा क्विंटल धरलं तर दोन एकरांचं अख्खं पीक, आणि तेही बियाणं, खत, फवारणी, सोंगणी, मळणी यांतलं काहीच वजा न करता. बाजार समितीत हमीभावाखाली माल घालायची वेळ कितीदा येते हे चिखलीत कुणी कुणाला सांगायला नको. आक्षेप खरा आहे. ज्या घरात पीककर्ज थकलं आहे तिथे माझा युक्तिवाद मी मागे घेतो. तिथेही नुसता नकार पुरत नाही. आडत्याची पट्टी पोरासमोर ठेवावी, म्हणजे नकार बापाचा न राहता आकड्यांचा होतो. पण हा प्रश्न जिथे उठतो त्यांतली पुष्कळ घरं मास्तरांची, दुकानदारांची, नोकरदारांची, शेतीला जोडधंदा असलेल्यांची असतात. लग्नाच्या वरातीत एका रात्रीच्या डीजेवर किती गेले याचा हिशेब तिथे कुणी मागत नाही. पोराच्या साठ हजारांवर तेवढी काटकसर आठवते. पैशाची बाजू संपली की जे उरतं ते एवढंच: मोठ्यांना खेळ ही खर्च करण्याजोगी गोष्ट वाटत नाही. हे मत असायला हरकत नाही, पण ते मत म्हणून मांडावं, काटकसर म्हणून नव्हे.

हिशेब पूर्ण करायचा म्हणजे दुकानदाराचं कोटेशन समोर घेऊन ओळीओळीने वाचायचं. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, प्रत्येकापुढे कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं असतं. तळाशी एक ओळ असते: ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. कंपनी नाही, वॅट नाहीत. यादीतली सगळ्यांत स्वस्त ओळ हीच आणि धोक्याचीही हीच. भिंतीतून येणारी वीज यंत्राला सोसेल अशी करून देण्याचं काम एसएमपीएसच्या डब्याचं. तो फुसका निघाला तर जाताना पंचवीस हजारांचं कार्ड सोबत नेऊ शकतो. पुण्याच्या मामेभावाला हे सुचत नाही, कारण रोहिणीच्या पहिल्या वाऱ्याला लाईट जाते, येते, पुन्हा जाते, हा अनुभव त्याच्या फ्लॅटमध्ये लिफ्टच्या जनरेटरने पुसून टाकलेला असतो. इकडे घाटावरच्या गावांत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. जुन्या घरातल्या तीन पिनांच्या बोर्डात वरचं मोठं भोक पुष्कळदा नुसतं भोकच असतं. त्याच्यामागे वायर नसते. अशा ठिकाणी अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. पोरं त्याला हसतात आणि चप्पल घालून बसतात. अर्थिंग करून घेणं आणि यंत्राला पेलणारा यूपीएस घेणं, यांचे पाच-सहा हजार कोटेशनमध्ये कुठेच नसतात. घरातल्या पंखा-दिव्यांच्या इन्व्हर्टरवर यंत्र लावायचा विचारही करू नये.

विजेचंही तसंच. खेळताना यंत्र आणि मॉनिटर मिळून तीनशे वॅट खातात असं धरलं, रोज चार तास, तर महिन्याला ३६ युनिट. आकडा किरकोळ दिसतो. पण महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर जवळपास दुपटीवर जातो, आणि ही ३६ युनिटं नेमकी त्या पुढच्या टप्प्यात पडतात. महिन्याला चारशे रुपये धरून चालावं. राहिलं बिल. कच्चं बिल घेतलं की दुकानदार जीएसटीचे १८ टक्के सोडून देतो, पण वॉरंटी मागायला पक्कं बिल आणि त्यावर पार्टचा सीरियल नंबर लागतो. कार्ड बिघडलं तर ते कुरिअरने मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला जाणार आणि जेव्हा यायचं तेव्हा येणार. (खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालू आहे, चिखलीचं पार्सल अजून रस्त्यानेच जातं.) ते पैसे वाचवून तीन वर्षांची वॉरंटी घालवायची की नाही, हे पोराने स्वतः ठरवलेलं चांगलं.

‘थांब, स्वस्त होईल’ हा सल्ला मोठ्यांना फार आवडतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत एके काळी तो खराही होता. पण अलीकडे त्याने दोनदा मान टाकली. २०२१ मध्ये क्रिप्टोचं खाणकाम आणि चिपटंचाई यांनी ग्राफिक्स कार्डं छापील किमतीच्या कितीतरी वर गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने खाणकामाची पद्धतच सोडली तेव्हा वापरून थकलेल्या कार्डांचा जुन्या बाजारात पूर आला, आणि स्वस्तात मिळालं म्हणून खूश झालेल्या पुष्कळांच्या पदरी दिवसरात्र तापवलेला माल पडला. दुसरी खेप २०२५ च्या शेवटी. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्या, काही महिन्यांत रॅमचे भाव दुपटीवर गेले, आणि डिसेंबरात मायक्रॉनने घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा क्रुशिअल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. चिखलीतल्या एका पोराच्या बचतीचा भाव अमेरिकेतल्या डेटा सेंटरांवर ठरतो, हे त्याने शिकावं असं अर्थशास्त्रच आहे. थांबायचंच असेल तर बचत पुरेशी व्हावी म्हणून थांबावं, भाव पडावा म्हणून नको. आणि पुरेशी म्हणजे किती? माझ्या मते खरेदीनंतर खात्यात निदान एक तृतीयांश उरली पाहिजे. असेम्बल यंत्राची सोय अशी, की आज सोळा जीबी रॅम आणि बेताचं कार्ड घालून काम भागवता येतं. बाकीची भर पुढे घालता येते. सगळं एकदम वरचं हवं हा हट्ट यूट्यूबवरून येतो, खेळातून नाही.

व्यसनाचा आक्षेप टाळून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये गेमिंगचा विकार नोंदलेला आहे, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागूही झाली. पण तिथली लक्षणं नीट वाचावीत: खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही तो चालू राहणं, आणि हे सगळं साधारण बारा महिने टिकणं. रात्री जेवायला तीन हाका माराव्या लागणं हे त्यात येत नाही. आणि धोका खरा मानला तरी तो कुठे जास्त आहे? गोधडीत घेऊन झोपता येतो तो मोबाइल. रमी आणि फँटसी टीमवर पैसे गेले ते फोनवर. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली, ती प्रामुख्याने त्यांच्याचसाठी. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली, पण त्याच्या भरवशावर करिअरची गणितं मांडू नयेत; क्रिकेटच्या मैदानावर जितकी पोरं असतात आणि जितकी रणजीला पोचतात, तेवढाच तो भरवसा. बैठकीतल्या टेबलावर वायरने भिंतीला बांधलेलं यंत्र सगळ्या घराला दिसतं. फुकट म्हणून सुरू होणारा मोबाइल गेम हिरे, स्किन, क्रेट यांतून हळूहळू पैसे काढतो. असं काढणारे गेम कॉम्प्युटरवरही आहेत, पण तिथे एकदा विकत घेऊन संपवायचे गेमही भरपूर आहेत. स्टीमवर किंमत रुपयांत दिसते, सेलची वाट बघता येते, आणि घेतल्यापासून चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळून पटलं नाही तर पैसे परत मिळतात. जागा बैठकीत आणि दहावी-बारावीच्या परीक्षेआधी वायर कपाटात, एवढ्या दोन अटी आधीच ठरवाव्यात. नंतर रागाच्या भरात घातलेली अट कुणीच पाळत नाही.

हप्त्यांबद्दल माझं मत कडक आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार १८७२ च्या करार कायद्याखाली टिकत नाही. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबीच्या खटल्यात तो मुळातच शून्य ठरवला. म्हणजे हप्ता बापाच्या नावावर पडणार. ‘पन्नास माझे, वरचे वीस हप्त्याने’ असं म्हणताच यंत्र निम्मं बापाचं होतं आणि त्यावर कधी बसायचं हे सांगायचा हक्कही त्याला मिळतो. कमी पडत असेल तर लहान यंत्र घ्यावं. हाच हिशेब मुलीलाही लागू आहे हे मुद्दाम लिहावं लागतं. पैसे मुलीने साठवलेले असतील तर पुष्कळ घरांत हा प्रश्न उठतच नाही; ते कशाला ठेवायचे हे आधीच ठरलेलं असतं, बहुधा सोन्याला. तिलाही गेम खेळायचा असू शकतो, आणि तिने तर ‘अभ्यासाला लागतो’ म्हणण्याचीही सोय शोधलेली नसते.

शेवटचा प्रश्न दिवसांचा आहे. चिखलीत इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, तरी बारावीनंतर पुणे, संभाजीनगर, अमरावती, नागपूर गाठणारी पोरं पुष्कळ. कॅबिनेट आणि मॉनिटर एसटीतून नेणं आणि होस्टेलच्या रेक्टरला समजावणं, दोन्ही अवघड. म्हणून दहावीनंतर घेतलेल्या यंत्राला घरात दोनच वर्षं मिळतात असं धरावं. गेमिंग लॅपटॉप हा उपाय दिसतो, पण तेवढ्याच ताकदीला तो महाग पडतो, जास्त तापतो, आणि त्यातलं कार्ड पुढे बदलता येत नाही. दोन वर्षांनी असेम्बल यंत्र विकायचं ठरवलं तर जुन्या कार्डाला मोठ्या शहरात गिऱ्हाईक मिळतं, कॅबिनेटला कुणी विचारत नाही. साठ हजारांचं यंत्र, सहा हजार अर्थिंग आणि यूपीएसचे, विकताना यंत्राची निम्मी किंमत आली असं समजू: तूट ३६,०००. चोवीस महिन्यांवर वाटली तर १,५०० रुपये, वर विजेचे ४००. महिन्याला १,९०० रुपये निव्वळ खेळावर घालायला तू तयार आहेस का, असं त्याला सरळ विचारता येतं. तो विचार करून ‘हो’ म्हणाला तर दुकानात त्याच्यासोबत जावं आणि बोलणं त्यालाच करू द्यावं. फक्त एसएमपीएसच्या ओळीपाशी आलं की कंपनी कोणती, एवढं विचारावं.